सात बटणांचा जमाखर्च

आमच्या घराण्यात मोटार आली ती माझ्या वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आणि तीही तिसऱ्या हातातून. पहिल्या मालकाने ती वापरली, दुसऱ्याने ती सजवली आणि तिसऱ्याच्या, म्हणजे माझ्या, वाट्याला ती निस्तरायची कामगिरी आली. दुसरा मालक गाण्याचा शौकीन असावा. ब्रेकवर त्याने फारसा खर्च केल्याचं दिसत नव्हतं. पण दारांत स्पीकर, पाठीमागे स्पीकर, आणि पुढे काचेखाली एक काळी पेटी. त्या पेटीवर वरखाली सरकणारी सात बटणं. प्रत्येक बटणाखाली एकेक आकडा : ६०, १५०, ४००, १०००, २४००, ६००० आणि १५०००.

बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला आकडे एका रांगेत दिसले की बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही. मी बेरीज केली. पंचवीस हजार दहा आली. त्यातून काहीच निष्पन्न झालं नाही.

“बाबा, याला इक्वलायझर म्हणतात,” चिरंजीवांनी ज्ञान दिलं आणि डावीकडची दोन बटणं पार छतापर्यंत नेली. त्याबरोबर गाडीत कुणीतरी उखळात पोहे कांडायला बसल्यासारखा आवाज येऊ लागला. पुढच्या फेरीला आमच्या सौभाग्यवतींनी ती दोन खाली ओढून मधली वर केली, कारण भावगीतात म्हणे गळा महत्त्वाचा. मेहुणे आले, त्यांनी दोन्ही टोकं वर आणि मधली खाली, अशी रचना केली. “बघा, हसरा चेहरा दिसतो की नाही? जगात सगळे असंच लावतात.” चेहरा हसरा होता खरा, पण त्यातून येणारं गाणं दात विचकल्यासारखं लागत होतं.

या सगळ्यांत मागच्या सीटवर बसलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, एकच तक्रार करीत. “अरे, आवाज भरपूर आहे. शब्द कळत नाहीत. घोंगडीआडून गातात का हे लोक?”

एकदा गावात गाडी लावली. पार्किंगवाला खिडकीशी येऊन म्हणाला, “साठ रुपये.” मागून अण्णा म्हणाले, “आठच? स्वस्त आहे की रे!” आम्ही सगळे खो खो हसलो. अण्णाही हसले. या हसण्याची नोंद इथे नुसती करून ठेवतो. हिशेब शेवटी काढू.

एक मात्र खरं की दोष गाडीचाच, याविषयी घरात एकमत होतं. त्या एकमतावर मी दोन वर्षांत दोन स्पीकर आणि एक वायरींचं भेंडोळं खर्च केलं. तरी अण्णांची घोंगडी हटेना. तेव्हा मी ठरवलं, आता प्रकरण मुळापासून तपासायचं. ताळेबंदात पाच पैशांचा फरक आला तरी आम्ही जुनी दप्तरं उपसतो; इथे तर गाण्याचे अख्खे शब्द गहाळ होते.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. पहिला प्रश्न मला सुचला तो हा, की इक्वल म्हणजे समान. पण कशाशी समान? बरोबरीला दोन बाजू लागतात. जमेची कुठली आणि नावेची कुठली?

उत्तर सापडलं ते मोटारीत नाही, की गाण्यातही नाही. ते सापडलं टेलिफोनच्या तारेत.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८७६ साली टेलिफोनचं पेटंट घेतलं. जवळच्या जवळ बोलणं उत्तम चाले. पण तार लांबली की भानगड सुरू होई. आपला आवाज म्हणजे जाड-बारीक कंपनांची मिसळ. जाड कंपनं सेकंदाला शे-दोनशे, बारीक कंपनं सेकंदाला काही हजार. (माझ्या पेटीवरचे आकडे ते हेच. ६० म्हणजे ढोलाची दणदण, १५००० म्हणजे झांजेची शेवटची शिणशिण.) लांबच्या तारेत जाड कंपनं बऱ्यापैकी पोचत आणि बारीक कंपनं वाटेतच झिजून जात. वऱ्हाडातली थोरली मंडळी मुक्कामाला पोचावीत आणि पोरं स्टेशनावर हरवावीत, तसा प्रकार.

बरं, भाषेची सगळी गंमत त्या पोरांत. अ, आ, ओ हे स्वर जाड असतात; ते आवाज भरतात. अर्थ सांगतात ती व्यंजनं, आणि त्यांतली स, श, फ ही मंडळी फार बारीक. ‘स’चा बराचसा जीव सेकंदाला चार हजार कंपनांच्या वर असतो. साध्या टेलिफोनची मजल मात्र तीनशेपासून साडेतीन हजाराच्या आतबाहेर. म्हणून तर आम्हांला फोनवर शाखेचा कोड सांगताना ‘एस फॉर सातारा, एफ फॉर फलटण’ असं ओरडावं लागतं.

या गळतीचं गणित ज्याने मांडलं, तो ऑलिव्हर हेविसाइड मूळचा आमच्याच जातीचा, म्हणजे कारकून. इंग्लंडात एका तारकंपनीच्या यंत्रावर बसायचा. कॉलेजची पायरी चढलेला नव्हता. ऐन पंचविशीच्या आत नोकरी सोडून घरी गणितं करीत बसला. १८८७च्या सुमारास त्याने दाखवून दिलं की तारेत ठरावीक गुणाची वेटोळी घातली तर सगळी कंपनं सारख्याच इमानाने पोचतील. टपाल खात्यातले बडे साहेब प्रीस यांना ते पटलं नाही. कारकुनाची सूचना साहेबाला न पटणं ही परंपरा किती जुनी आहे, हे वाचून मला बरं वाटलं. पुढे १९०० साली अमेरिकेत मायकेल प्यूपिन यांना अशा वेटोळ्यांचं पेटंट मिळालं आणि त्यावर भलामोठा पैसाही मिळाला. हेविसाइडचं नाव विद्वानांत झालं, दिवस मात्र ओढगस्तीतच गेले.

हेविसाइडबद्दलची एक गोष्ट वाचून मी जरा थबकलो. लहानपणी आलेल्या आजारामुळे त्याला कमी ऐकू यायचं. आणि बेलसाहेबांची आई जवळजवळ बहिरी, पत्नी तर पूर्ण बहिरी. म्हणजे दूरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून झटलेल्यांपैकी एक स्वतः कमी ऐकणारा आणि दुसऱ्याच्या घरी ऐकू न येणारी दोन माणसं. मी हे नुसतं वाचलं. त्यातून काही बोध घ्यावा, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आम्ही कागद वाचतो, सही करतो, आणि पुढच्या टेबलावर सरकवतो.

१९१५ साली न्यूयॉर्क ते सॅनफ्रान्सिस्को असा अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेलिफोन लागला. एवढ्या तारेत वेटोळी होती, आवाजाला वाटेत दम देणारे व्हॉल्व्ह होते, आणि तरीही कमी-जास्त उरेच. ज्या कंपनांची जितकी गळती, तितकीच भर घालून हिशेब जुळवणारी जी मंडलं टेलिफोनवाल्यांनी तयार केली, त्यांचं नाव इक्वलायझर. म्हणजे समान करायचं ते हे : बोलणाऱ्याच्या तोंडून निघालेलं आणि ऐकणाऱ्याच्या कानाशी पोचलेलं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर हे सरळसरळ रिकन्सिलिएशन. आमचं पासबुक आणि तुमची वही यांत फरक का, तो शोधायचा आणि नेमका तेवढाच मिटवायचा. गाणं गोड करणं हे त्याचं काम मुळातच नव्हतं.

मग सिनेमा बोलू लागला. आपल्याकडे १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. तिकडे त्याआधी चार वर्षं. मोठ्या नाटकगृहांत आवाज घुमायचा, संवाद कळायचे नाहीत. तेव्हा १९३०च्या दशकात हॉलिवूडवाल्यांनी टेलिफोनवाल्यांचा इक्वलायझर उसना घेतला. आता तो फिरवता येणारा झाला होता.

त्याच सुमारास मोटारीत रेडिओ शिरला. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं मोटोरोला. पॉल गॅल्विन आपल्या स्टुडबेकर गाडीत तो बसवून रेडिओवाल्यांच्या संमेलनाला गेले. आत दुकान मांडायची ऐपत नव्हती, म्हणून बाहेर गाडी उभी करून रेडिओ मोठ्याने लावला, असं सांगतात. त्या काळी मोटारीच्या इंजिनातली ठिणगी रेडिओत कडकडे. गाणं आणि कडकडाट वेगळे करता आले म्हणजे जिंकलं. शब्दांची चैन कुणाला परवडणार?

पुढचं पाऊल १९५२चं. पीटर बॅक्झांडॉल या इंग्रज इंजिनिअरने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एक साधं मंडल छापलं. एका बटणाने जाड आवाज कमी-जास्त, दुसऱ्याने बारीक. बास आणि ट्रेबल. त्याच घाटाची मंडलं पुढे जगभरच्या रेडिओंत आणि मोटारींत बसली. १९५६ साली क्रायस्लरने तर गाडीत चक्क तबकडीचा ग्रामोफोन बसवला. मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेरे, इतकी सावकाश तबकडी. सुई उडू नये असा बंदोबस्त केला होता. पण ते कौतुक थोड्याच वर्षांत आटोपलं. आपल्या एखाद्या घाटरस्त्यावर ते कौतुक पहिल्या वळणालाच आटोपलं असतं.

१९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली, ट्रान्झिस्टर स्वस्त झाले, आणि १९७०च्या दशकात मोटारीला बटणांची रांग मिळाली. तिचं पूर्ण नाव ग्राफिक इक्वलायझर. बटणं वरखाली करून जी रेघ दिसते, ती म्हणजेच आवाजात केलेल्या फेरफाराचा आलेख, म्हणून ग्राफिक. माझे मामा मस्कतहून असा एक घेऊन आले होते. तो त्यांनी आपल्या प्रीमियर पद्मिनीत बसवला. बटणांच्या शेजारी लाल-हिरवे दिवे गाण्याबरोबर नाचत. मामा रस्त्यापेक्षा त्या दिव्यांकडेच जास्त बघत आणि मामी देवाचं नाव घेत. रात्री मामांनी बटणं वर नेली की प्रत्येक ठेक्याला पुढचे हेडलाइट मंद होत.

ते का होत, हे मला आता कळलं. आवाज मोजायचं माप डेसिबल, आणि त्यातला बेल म्हणजे आपले टेलिफोनवाले बेलसाहेब. तीन डेसिबल वाढवा, वीज दुप्पट लागते. बटण पार वर नेलं की बहुधा बारा डेसिबल वाढतात, म्हणजे वीज सुमारे सोळापट. बिचारा अॅम्प्लिफायर ती आणणार कुठून? खात्यात शिल्लक नसताना चेक फाडावा तसं हे. चेक परत येतो, आणि आवाजाचा चेक परत येतो तो फाटका होऊन.

मोटारवाल्या कंपन्यांना यातली मेख उमगायला १९८०चं दशक उजाडलं. अमर बोस हे अमेरिकेतल्या एम.आय.टी.चे प्राध्यापक. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस हे इंग्रजांच्या तावडीतून निसटून अमेरिकेला गेलेले बंगाली क्रांतिकारक. या अमर बोस यांच्या कंपनीने जनरल मोटर्सच्या जोडीने १९८३च्या कॅडिलॅकसारख्या गाड्यांसाठी संच तयार केला, तो आधी त्या गाडीची आतली खोली मोजून. कारण मोटार ही खोली म्हणून वाईटच. काचा बारीक आवाज परतवतात, गाद्या तोच आवाज पितात, जाड आवाज लहान जागेत कोंडून फुगतो, स्पीकर पायाशी आणि ऐकणारा एका कुशीला. तेव्हा आधी गळती कुठे, फुगवटा कुठे ते बघायचं, आणि मगच भर-वजाबाकी. आता तर हे सगळं पडद्यावर बोट फिरवून होतं, पण तत्त्व तेच, टेलिफोनच्या तारेचं.

एवढी विद्या पदरात घेऊन मी एका रविवारी अण्णांसह नाना पेठेत गेलो. गाडीच्या सामानाच्या दुकानातला विशीतला पोरगा कानावर पेन्सिल लावून आला. त्याने माझं व्याख्यान ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, आधी सगळी बटणं मधे आणा.” मग ओळखीचं एक गाणं लावलं. “आता वाढवू नका काही. जे जास्त होतंय ते उतरवा.” त्याने दीडशेचं बटण थोडं खाली घेतलं, दारांतली ढबढब गेली. मधलं एक केसभर उतरवलं. गळा मोकळा झाला. हेविसाइडला जे गणिताने कळलं ते याला कानाने कळलं होतं. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हे पहिल्यांदाच गाण्यासारखं वाजतंय.” चिरंजीवांनीही मान हलवली.

“आता कसं, अण्णा?” मी विचारलं.

“तसंच,” अण्णा म्हणाले. “घोंगडी.”

मी वैतागून उजवीकडची बटणं पार वर नेली. झांजा कानात टाचणीसारख्या घुसू लागल्या. सौभाग्यवतींनी पदर कानावर घेतला, चिरंजीव गाडीतून उतरले. आणि मागे अण्णांचा चेहरा उजळला. “हां! आता लागलं. आता शब्द कळले!”

पोरगा एकदा बटणांकडे बघत राहिला, एकदा अण्णांकडे. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “काका, गाडी ठीक आहे. आजोबांचे कान दाखवून घ्या.”

त्याने पैसे घेतले नाहीत. मलाही द्यायचं भान राहिलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी अण्णांना एका बंद खोलीत बसवून हेडफोन लावला, आणि बाहेर कागदावर आलेख काढला. मी तो कागद हातात घेतला आणि आकडे वाचले : २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८०००. माझ्या काळ्या पेटीचं सख्खं भावंड! उगीच नाही. ऐकणं मोजायच्या यंत्रावर ज्यांनी १९२०च्या दशकात काम केलं, ते हार्वे फ्लेचर बेल टेलिफोनच्याच गोतावळ्यातले. १९३३ साली त्यांनी आणि मन्सन यांनी माणसाचा कान कुठली कंपनं किती ऐकतो, याचे आलेख प्रसिद्ध केले. तारेची गळती मोजता मोजता ते लोक शेवटच्या तारेपर्यंत, कानापर्यंत आले होते. मी मात्र स्पीकरपाशीच थांबलो होतो.

अण्णांची रेघ डावीकडे ठीक होती. हजाराच्या पुढे ती खंबाटकीच्या घाटासारखी खाली उतरत होती, आणि चार हजारापाशी तर खड्डाच.

“वयाने बारीक आवाज आधी जातातच,” डॉक्टर म्हणाले. “पण हा खड्डा मोठ्या आवाजाचा. काम काय करायचे?”

“छापखान्यात. मशीनवर. बत्तीस वर्षं,” मी सांगितलं.

त्या छापखान्याच्या पगारावर माझं बी.कॉम. झालं होतं. बत्तीस वर्षं ती मशीनं धडधडली, आणि दर टर्मला माझी फी वेळेवर भरली गेली. जमाखर्चात मी पहिल्या वर्गात आलो. पण ही एक नोंद माझ्या वहीत कधी पडलीच नव्हती. जमेला माझी पदवी, आणि खर्चाला अण्णांचे सगळे ‘स’ आणि ‘श’. त्यावर दोन वर्षं आम्ही स्पीकर बदलत होतो. आणि ‘साठ’मधला ‘स’ गळून पडला, त्या दिवशी सगळे मिळून हसलो होतो.

डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र सांगितलं. आत काय असतं म्हणून विचारलं, तर आवाजाचे वेगवेगळे पट्टे करून ज्याची गळती तेवढाच वाढवायचा. म्हणजे इक्वलायझरच, चण्याएवढा. अण्णा ऐकेनात. “मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच हल्ली पुटपुटता.” शेवटी मी सांगितलं, “अण्णा, हे कानाचं यंत्र नाही. गाडीतला इक्वलायझर मोठा पडतो, म्हणून हा सुटा घेतलाय.” अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. “गाडीसाठीच असेल तर बघू,” एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी वाईला निघालो. मी सातही बटणं मधोमध, शून्यावर आणून ठेवली. गीतरामायण लावलं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं, तेव्हा अण्णा नऊ वर्षांचे. शेजारच्या वकिलांच्या ओसरीवर उभं राहून त्यांनी ते ऐकलेलं. खंबाटकी चढेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मी आरशातून हळूच पाहिलं. डोळे मिटलेले होते आणि ओठ शब्दांबरोबर हलत होते, एक शब्द न चुकता.

वाईला कृष्णेच्या घाटाजवळ गाडी लावली. पोरगा पावतीपुस्तक घेऊन आला. “साठ रुपये.”

“साठ?” मागून अण्णा कडाडले. “अरे, साठ रुपये कसले? लूट आहे ही दिवसाढवळ्या! एवढ्याशा गाडीला साठ?”

पुढची दहा मिनिटं अण्णा त्या पोराशी हुज्जत घालत होते. त्याने चाळिसावर यायची तयारी दाखवली. मी मात्र खिशातून काढलेले पुरे साठ रुपये त्याच्या हातावर ठेवले. अण्णा माझ्यावर भयंकर चिडले. बँकेत नोकरी करून मला व्यवहार म्हणून कळत नाही, असं ते म्हणाले. अगदी हळू आवाजात सौभाग्यवतींनी मला विचारलं, “अहो, चाळिसात होत होतं, मग साठ का दिलेत?”

“मी सांगतो,” अण्णा मागून म्हणाले. “बावळट आहे म्हणून!”